प्रकाश थकतो, असं सर म्हणत

रविवारी सकाळी सरांचा फोन आला. "आज ये. लई महत्त्वाचं काम हाय," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

सर मूळचे नातेपुत्याचे. वर्गात कायम पुस्तकी मराठी बोलायचे, पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की गावची बोली वर यायची. त्या दिवशी आवाजात आनंद होता. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. मी हातातलं काम टाकून निघाले.

सरांनी मला बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवलं. आज मी सोलापुरातल्याच एका कॉलेजात तोच विषय शिकवते, ती त्यांच्यामुळे. आमचं घर इथल्याच भवानी पेठेत. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. वडील टॉवेल विणणाऱ्या मागावर कामाला. मुलीनं पदवी घेतली की लग्न, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं होतं की कुणी त्यावर बोलतही नसे. सर एकदा न सांगता आमच्या घरी आले. माग चालू होते. त्या खडखडाटात वडिलांच्या कानाशी वाकून ते ओरडून म्हणाले, "तुमच्या मुलीला 'कशावरून?' असं विचारता येतं. हे फार थोड्यांना येतं. तिला एम.एस्सी.ला पुण्याला पाठवा." वडिलांना अर्धं कळलं असेल. पण एवढा मोठा माणूस आपल्या दारात येऊन ओरडतोय, याचंच त्यांना अप्रूप वाटलं, आणि मी पुण्याला गेले.

प्रयोगशाळेतली अंधारी खोली मला अजून आठवते. सरांनी सोडियमचा दिवा लावला होता. मी दुर्बिणीसारख्या त्या नळीला डोळा लावला तर पिवळ्या रंगाच्या दोन बारीक रेषा, अगदी शेजारी शेजारी. "या रेषा सोडियमची सही आहे," सर म्हणाले. "दिवा सोलापुरात असो नाहीतर दुसऱ्या दीर्घिकेत, म्हणजे दुसऱ्या आकाशगंगेत, सही बदलत नाही. पण दूरच्या दीर्घिकेकडून आलेल्या प्रकाशात हीच सही तांबड्या बाजूला सरकलेली दिसते. का?"

मग त्यांनी खिशातून इलॅस्टिकची पट्टी काढली. त्यावर पेनानं नागमोडी रेघ मारली आणि पट्टी ताणली. लाटा लांब झाल्या. विश्व पसरतंय आणि प्रकाश वाटेत असताना ती वाटच ताणली जातेय, म्हणून त्याची लाट लांबते, आणि लांब लाट म्हणजे तांबड्याकडे सरकणं. दुसरं कारण गुरुत्वाकर्षण. दगड वर फेकला की त्याचा वेग कमी होतो. प्रकाशाचा वेग तर कमी होत नाही. जड ताऱ्यावरून वर निघताना मग तो काय खर्च करतो? आपली ऊर्जा. ऊर्जा कमी झाली की लाट लांबली. इतक्या सोप्या शब्दांत ते मला पुन्हा कुणी सांगितलं नाही. मी स्वतः वर्गात आजही असंच सांगते.

सात रस्त्याजवळच्या त्यांच्या घरी पोचले तर दार उघडंच होतं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत टेबलावर नव्या कोऱ्या पुस्तिकांचा गठ्ठा. शाईचा वास येत होता. वरच्या पुस्तिकेवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, विश्व पसरत नाही.

मला वाटलं काहीतरी उपरोधानं लिहिलं असेल.

"बस," सर म्हणाले. त्यांनी स्वतः चहा केला, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. काकू असताना ते स्वयंपाकघरात कधी गेलेले मी पाहिलं नव्हतं. चटणीवर तेल घालता घालता त्यांनी सुरुवात केली. "गुरुत्वाकर्षणानं प्रकाश तांबडा होतो. मान्य?"

"मान्य सर."

"मग एवढ्या लांबून येताना वाटेत किती दीर्घिका लागतात! प्रत्येक दीर्घिका त्याला थोडं ओढते. थोडी ऊर्जा काढून घेते. पूर्वी गावोगावी जकात नाका असायचा, तसं. जेवढा लांबचा प्रवास तेवढी जकात जास्त. म्हणून लांबच्या दीर्घिका जास्त तांबड्या. झालं! पसरायचं कारणच उरलं नाही. प्रकाश वाटेत थकतो, एवढंच."

ते माझ्याकडे बघत होते. मी आधी हसले, कारण मला वाटलं ते परीक्षा घेताहेत. विद्यार्थ्याला चुकीचं काहीतरी ठणकावून सांगायचं आणि तो कधी अडवतो ते बघायचं, ही त्यांची जुनी पद्धत. पण ते हसले नाहीत.

"पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान ठेवलंय. अध्यक्ष तू," ते म्हणाले. "बाकी कुणाला सांगणार? जुने सहकारी तर फोन घेत नाहीत."

"वाचून सांगते सर," मी म्हटलं. पुस्तिका पर्समध्ये घातली आणि निघाले.

पुस्तिका मी त्याच दुपारी वाचली. भाषा सुंदर होती आणि विज्ञान चुकीचं होतं. नवीनही नव्हतं. प्रकाश थकतो ही कल्पना फार जुनी, पुष्कळांनी तपासून बाजूला ठेवलेली. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि ती का टिकत नाही तेही. मला ते तास आठवत होते. त्यांना आठवत नव्हते का? की आठवत असूनही पटेनासे झाले होते? पहिलं असेल तर ते आजारी होते. दुसरं असेल तर काय, ते मला सांगता येत नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत आहे, त्याला असल्या गोष्टींत रस नाही, पण माझा चेहरा बघून त्यानं ऐकून घेतलं. "अध्यक्ष म्हणून चार शब्द गोड बोलून ये की," तो म्हणाला. "विश्व पसरलं काय, नाही पसरलं काय, सोलापुरात कुणाचं अडलंय?"

"माझे विद्यार्थी येणार तिथे."

"मग मुलांना दुसऱ्या दिवशी वर्गात खरं काय ते सांग."

तोडगा सोपा होता. मला तो पटत नव्हता आणि का पटत नाही तेही धड सांगता येईना. शेवटी मी सरांच्या मुलीला हैदराबादला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "ताई, आई गेल्यापासून बाबा महिनोन्‌महिने नुसते भिंतीकडे बघत बसायचे. आता सकाळी उठतात, आंघोळ करतात, लिहायला बसतात. मला एवढं पुरे आहे. तुम्ही प्लीज त्यांना बोलू द्या."

"विसरतात का ते हल्ली?"

"वय झालंय ना ताई," ती म्हणाली.

तरी मी गेले. एका दुपारी, कॉलेज सुटल्यावर. मी ठरवलं होतं की हे सभागृहात नाही, घरातच बोलायचं, दोघांनीच. सर खूश झाले. मी पुस्तिका उघडली आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, "सर, या जकातीबद्दल एक शंका आहे. प्रकाश दीर्घिकेजवळ येतो तेव्हा तो तिच्याकडे पडत असतो. उतारावर आल्यासारखा. तेव्हा त्याला ऊर्जा मिळते. पलीकडे चढ चढताना तेवढीच जाते. उतारावर मिळालं ते चढावर गेलं. मग जकात कुठे लागली?"

"जातं तेवढं मिळत नाही."

"कशावरून सर?"

शब्द तोंडून निघून गेला. तो त्यांचाच शब्द होता. सरांचा चेहरा बदलला.

"हे तू बोलतेस का तुझी पुस्तकं?"

"तुम्हीच शिकवलंय सर. त्या वर्षी, फळ्यावर दरी काढून—"

"म्या न्हाय शिकवलं असलं काही!" ते एकदम उभे राहिले. "सगळ्यांनी मला येडं ठरवलं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणत्यात. तू तेवढी राहिली होतीस. आता तूबी."

मी उठून उभी राहिले. सर पाठ करून खिडकीशी गेले. बाहेरच्या चौकाकडे बघत राहिले. मग नेहमीच्या आवाजात, काहीच घडलं नसल्यासारखं म्हणाले, "अध्यक्ष तूच आहेस. पत्रिका छापून झाल्यात."

मी नाही म्हणू शकले असते. आजारपणाचं कारण सांगता आलं असतं. पण मी गेले नाही तर त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल आणि गालातल्या गालात हसेल, हे मला सहन होईना. मी हो म्हटलं.

व्याख्यानाच्या दिवशी ऊन इतकं होतं की पंख्याखालीही लोक पुस्तिकेनंच वारा घेत होते. सभागृह अर्धंअधिक भरलं होतं. सरांचे जुने विद्यार्थी, वाचनालयाचे नेहमीचे म्हातारे सभासद, आणि मागच्या दोन रांगांत माझ्या वर्गातली मुलं-मुली. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. फलकावर माझं नाव वाचून ती आली होती.

सर पांढऱ्या शुभ्र शर्टात होते. कॉलर बहुतेक स्वतः इस्त्री केलेली. एका बाजूला चुणी राहिली होती. पहिला अर्धा तास ते जे बोलले तसं बोलणं मला आयुष्यात जमणार नाही. इंद्रधनुष्यापासून निघाले, सोडियमच्या दोन रेषांवर आले, मग खिशातून इलॅस्टिकची पट्टी निघाली. म्हातारे पुढे वाकून बघू लागले. माझी मुलं लिहून घेत होती. मला वाटलं, इथेच थांबा सर. इथेच आभार मानू आणि घरी जाऊ.

ते थांबले नाहीत. "आता मी तुम्हाला सांगतो की ही पट्टी खोटी आहे," ते म्हणाले, आणि जकात नाका सुरू झाला.

शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर माझ्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. हुशार आणि मितभाषी. वडील मालट्रक चालवतात, घरी उर्दू बोलतात, आणि मराठीत बोलताना ती प्रत्येक शब्द जपून टाकते. "सर, काही प्रकारचे तारे फुटतात तेव्हा ठरावीक आठवड्यांत उजळतात आणि मंद होतात. पण लांबच्या दीर्घिकेतले तसेच तारे मंद व्हायला जास्त वेळ घेताना दिसतात. प्रकाश फक्त थकत असेल तर तो तांबडा होईल. पण ताऱ्याचं उजळणं आणि मंद होणं हळू का होईल?"

हा प्रश्न मी वर्गात शिकवलेल्या धड्यातला होता. वाट पसरत असेल तर ताऱ्याचा आजचा प्रकाश आणि वीस दिवसांनंतरचा प्रकाश, यांच्यामधलं अंतरही वाटेत ताणलं जातं, म्हणून सगळा देखावा संथ दिसतो. ज्या पटीत लाट लांबते त्याच पटीत. थकलेल्या प्रकाशाला हे साधत नाही.

सर मात्र क्षणभरही अडखळले नाहीत. डोळ्यांत जुनी चमक आली. "उत्तम प्रश्न. गुरुत्वाकर्षण नुसता प्रकाश तांबडा करत नाही, घड्याळही संथ करतं. खोल जागी घड्याळ हळू चालतं. ते तारे खोल जागी आहेत, म्हणून संथ. प्रश्न सुटला."

मुलगी गोंधळून उभीच राहिली. खोल जागी घड्याळ संथ चालतं हे खरंच होतं, आणि ते तिला माहीत होतं. मग ती माझ्याकडे बघायला लागली. सगळी मागची रांग माझ्याकडे बघायला लागली. सरही वळले. "अध्यक्षांनी यावर बोलावं," ते म्हणाले. ते हसत होते. त्यांना खात्री होती, असं मला वाटतं.

चार गोड शब्द माझ्याकडे तयार होते. मी उभी राहिले आणि ते शब्द आलेच नाहीत.

"सरांनी सांगितलं ते शक्य आहे का, बघू," मी म्हटलं. "जेवढा तारा लांब तेवढा तो संथ दिसतो. उत्तरेला पाहा, दक्षिणेला पाहा, कुठेही पाहा. याचं कारण गुरुत्वाकर्षण असेल तर जेवढं लांब जावं तेवढी जागा खोल असायला हवी. चारी बाजूंना. म्हणजे सगळ्या विश्वात आपण एकटे डोंगराच्या माथ्यावर बसलोय आणि भोवती सगळीकडे दरी आहे. आपलीच जागा अशी खास का असावी? त्यापेक्षा विश्व पसरतंय असं धरलं तर कुणालाच माथ्यावर बसावं लागत नाही. कुठूनही बघा, हेच दिसेल."

सरांनी विचारलं, "ते संथ होणं. ते नीट मोजलंय?"

"मोजलंय सर. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या दुर्बिणींनी."

"पट जुळते?"

"जुळते."

त्यांनी मान हलवली. होकार नव्हता तो, नकारही नव्हता. हातातली पट्टी गुंडाळून खिशात ठेवायचा प्रयत्न केला, ती खाली पडली, आणि ती उचलायला वाकायच्या ऐवजी ते खुर्चीत बसले. कुणीतरी भलत्याच वेळी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या हे कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात एका सहकाऱ्यानं पाठ थोपटली. "बरं केलंत, म्हातारा फारच सुटला होता." मी त्याच्याशी पुढे कित्येक दिवस धड बोलले नाही. ती प्रश्न विचारणारी मुलगी स्टाफरूमच्या दारात आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मी विचारायला नको होतं का?"

"विचारायलाच हवं होतं," मी तिला म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं. मला स्वतःला तेवढं सहज पटत नव्हतं.

सरांनी फोन घेतला नाही. मी गेले तर दार अर्धंच उघडलं, "बरं वाटत नाही" म्हणाले आणि लावून घेतलं. पावसाळा गेला. दिवाळीला फराळ घेऊन गेले तर शेजारच्या बाईंनी डबा ठेवून घेतला. त्यांनीच सांगितलं की सर परवा चौकापर्यंत गेले आणि घराचा रस्ता चुकले, एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं. मी तिथूनच हैदराबादला फोन लावला. सरांच्या मुलीचा आवाज या वेळी शांत नव्हता. "तुमच्या त्या कार्यक्रमानंतर बाबांनी लिहिणं सोडलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं." आजार आधीपासूनच असणार, हे मला कळत होतं आणि तिलाही कळत असावं. पण तसं मी म्हटलं असतं तर ते स्वतःचा बचाव केल्यासारखं झालं असतं.

ती त्यांना न्यायला आली त्या दिवशी मी मदतीला गेले. ती मला नको म्हणाली नाही. आम्ही दोघी भांडी बांधत होतो, सर पलंगावर बसून होते. मला ओळखत होते. घरच्यांची चौकशी केली. वडील अजून माग चालवतात का, विचारलं. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती, पण मी "नाही सर, आता विश्रांती घेतात" म्हटलं. व्याख्यानाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. उचलायचं ते विसरले होते की मुद्दाम ठेवला होता, मला कळलं नाही.

आता रविवारी अधूनमधून हैदराबादहून फोन येतो. डॉक्टरांनी सांगितलंय की जुन्या ओळखीच्या माणसांशी बोलणं चांगलं, म्हणून मुलगी लावून देते. कधी सर हवेबद्दल बोलतात, कधी नुसतेच फोन कानाला धरून बसतात. एकदा त्यांचा आवाज एकदम खणखणीत होता. "पोरी, मला एक नवी गोष्ट सुचलीय," म्हणाले, आणि जकात नाका पहिल्यापासून सांगितला. तेच शब्द, त्याच क्रमानं.

मी ऐकून घेतलं. मग, गप्प बसावं की बोलावं याचा विचार करायच्या आतच, मी म्हटलं, "पण सर, प्रकाश दीर्घिकेकडे येताना उतारावर असतो की." आणि चढ-उताराचं सगळं पुन्हा सांगितलं, हळूहळू, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सांगावं तसं. या वेळी ते रागावले नाहीत. मधे एकदा "हं" म्हणाले. एकदा म्हणाले, "थांब, परत सांग."

मी परत सांगितलं.

"असं होय," ते म्हणाले. "हे मला कुणी सांगितलंच न्हाय की."

मग त्यांच्या मुलीनं फोन घेतला. गोळ्या बदलल्यात, भूक बरी आहे, पण दुपारी झोपत नाहीत, असं म्हणाली. पुढच्या रविवारी लावू का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं.